उघड्या वाटेवरील गुपित

गुपित राखण्याच्या दोन रीति आहेत. सावकार आपले दागिने लोखंडी तिजोरींत ठेवतो. चोराला पुरेसा वेळ मिळाला व त्याचीं हत्यारें चांगलीं असलीं तर तिजोरी फुटते, हें सावकारालाहि ठाऊक असतें; त्याचा सारा भरंवसा चोराच्या अडचणींवर असतो. दुसरी रीति अशी कीं, चोराच्या हातीं जी वस्तु पडेल तिच्यांत मुळीं कांहीं असूंच नये. ती त्यानें उचलून घरीं न्यावी, जन्मभर फोडीत बसावें, जगांतल्या साऱ्या पंडितांना मदतीस बोलवावें, हातीं शून्य. पहिल्या रीतीचीं कुलुपें आजपर्यंत शेंकडों झालीं आणि शेंकडों फुटलीं. दुसऱ्या रीतीची हकीकत त्या मानानें थोडी आहे. ती अमेरिकेंतील एका पेढीवाल्यापासून सुरू होते व डेन्मार्कमधील बीटच्या शेतांत येऊन पोंचते. मध्यें सव्वाशें वर्षांचा काळ जातो.

पेढीवाल्याचें नांव फ्रँक मिलर. कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो शहरीं राहणाऱ्या ह्या गृहस्थानें १८८२ सालीं तारांसाठीं एक सांकेतिक कोश छापून प्रसिद्ध केला. तार म्हणजे उघडें पत्र. वाटेवरच्या प्रत्येक कचेरींत ती वाचली जावयाचीच. मिलरच्या कोशांत नेहमींच्या शब्दांना व वाक्यांना क्रमांक दिलेले होते. परंतु त्याची खरी युक्ति पुढेंच होती. त्या क्रमांकांत एक मनास येईल ती संख्या मिळवावी, अशा संख्यांची यादी फक्त दोन टोंकांच्या दोघांपाशीं असावी, आणि एकदां वापरलेली संख्या खोडून टाकावी, असें त्यानें सांगितलें. ह्या सूचनेचें मोल त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. पुस्तक ग्रंथालयांत धूळ खात पडलें, आणि २०११ सालीं प्राध्यापक स्टीव्हन बेलोव्हिन ह्यांच्या दृष्टीस पडेपर्यंत ह्या शोधाचें सारें श्रेय दुसऱ्यांनाच दिलें जात होतें.

युक्ति काय आहे तें पाहण्यासाठीं कागद-पेन्सिल जवळ घेतलेली बरी. समजा, कळवावयाचा आंकडा ५०२ आहे आणि दोघांच्या वहीच्या आजच्या पानावर ८३९ लिहिलें आहे. एकेका अंकाची बेरीज करावयाची व हातचा सोडून द्यावयाचा. पांच नि आठ तेरा, त्यांतले तीन. शून्य नि तीन, तीन. दोन नि नऊ अकरा, त्यांतला एक. तारेनें ३३१ जातो. पलीकडचा मनुष्य आपल्या पानावरून तेच अंक वजा करून ५०२ परत मिळवितो. मधल्या चोराजवळ ३३१ आहे. त्यावरून त्याला काय कळतें? पानावर ४२४ असेल तर मूळ आंकडा ९१७ होता. पान दुसरें असेल तर तिसराच कांहीं. हजार पानें सारखींच संभवनीय आहेत, म्हणून हजार उत्तरेंहि सारखींच संभवनीय आहेत. तार हातीं येण्यापूर्वीं त्याला जेवढें ठाऊक होतें तेवढेंच नंतरहि ठाऊक राहतें. त्याची बुद्धि कमी पडली म्हणून नव्हे. तारेंत तें नव्हतेंच म्हणून.

१९१७ सालीं अमेरिकन टेलिफोन व टेलिग्राफ कंपनींतील गिल्बर्ट व्हर्नम ह्या तरुण अभियंत्यानें हीच बेरीज टेलिप्रिंटरच्या यंत्राकडून करवून घेतली. एका कागदी पट्टीवर भोंकांच्या रूपानें मजकूर, दुसरीवर किल्ली. यंत्र दोहोंची आपोआप सांगड घाली. किल्लीची पट्टी प्रथम टोंकाला टोंक जोडून गोल फिरविली जात असे. मग एकाऐवजीं दोन पट्ट्या, एक हजार चिन्हांची व एक नऊशें नव्याण्णवांची, अशी काटकसर निघाली. दोहोंच्या मेळानें ९,९९,००० चिन्हांची किल्ली तयार होई. अमेरिकन सैन्यांतील जोसेफ मोबोर्न ह्या अधिकाऱ्याला ही काटकसर पटली नाहीं. फिरून येणारी किल्ली केव्हां तरी दगा देणारच. किल्ली मजकुराएवढी लांब, नाण्याच्या छाप्या-कांट्यासारखी यदृच्छ, व फिरून न येणारी असली पाहिजे, असें त्यानें दाखवून दिलें. ह्याच सुमारास, १९२० नंतरच्या पहिल्या वर्षांत, जर्मनीच्या परराष्ट्रखात्यानें अशा आंकड्यांच्या वह्या छापून आपल्या वकिलातींना दिल्या. एक पान एकदांच. मग तें फाडून जाळावयाचें.

अनुभवानें कळलेली गोष्ट सिद्ध करून दाखविणें हें निराळें काम आहे. तें सोव्हिएत रशियांत व्लादिमीर कोटेल्निकोव्ह ह्यांनीं १९४१ सालीं एका गुप्त अहवालांत केलें, व अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंतील क्लॉड शॅनन ह्यांनीं १ सप्टेंबर १९४५ च्या एका गुप्त टिपणांत केलें. शॅनन ह्यांचें लिखाण १९४९ सालीं उजेडांत आलें. त्यांत त्यांनीं दोन गोष्टी सांगितल्या. एक गोड: अशी वही पूर्णपणें अभेद्य आहे, शत्रूपाशीं कितीहि मोठें गणनयंत्र असो. दुसरी कडू: अभेद्यता ह्याहून स्वस्त मिळत नाहीं. जेवढें गुपित उद्यां पाठवावयाचें आहे तेवढी किल्ली आज दुसऱ्या कोणत्या तरी सुरक्षित वाटेनें पोंचवून ठेवलीच पाहिजे. ह्या दुसऱ्या गोष्टीनेंच पुढचा सारा इतिहास घडविला.

हा भार किती असतो तें युद्धकाळांत दिसलें होतें. १५ जुलै १९४३ रोजीं वॉशिंग्टन व लंडन ह्यांच्यामध्यें एक गुप्त टेलिफोन सुरू झाला. त्याचें नांव सिगसॅली. एका टोंकाच्या यंत्राचें वजन सुमारें ५५ टन. लंडनमधलें यंत्र ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील सेल्फ्रिजेस ह्या प्रसिद्ध दुकानाच्या तळघरांत मांडलें होतें. बोलणाऱ्याच्या आवाजाचे आंकडे करून त्यांत ग्रामोफोनच्या तबकडीवरची निरर्थक खरखर मिळवीत. त्या तबकडीच्या दोनच प्रति असत, एक येथें व एक तेथें. दोन्ही एकाच क्षणीं सुरू कराव्या लागत आणि काम संपलें कीं नष्ट कराव्या लागत. बारा मिनिटांच्या भाषणासाठीं एक तबकडी अटलांटिक महासागर ओलांडून आधीं न्यावयाची, असा हा व्यवहार होता. राजांना व सेनापतींना तो परवडला.

ज्यांना परवडला नाहीं, किंवा घाईंत ज्यांनीं नियम मोडला, त्यांची हकीकत अधिक बोधप्रद आहे. सोव्हिएत सरकार परदेशांतल्या आपल्या कचेऱ्यांशीं अशाच एकवेळच्या पानांनीं बोलत असे. १९४२ सालच्या आरंभीं जर्मन सैन्याचें संकट मॉस्कोवर होतें, पानांची मागणी वाढली होती, आणि पानें छापणाऱ्या केंद्रानें कांहीं हजार पानांच्या, एका हिशेबानें सुमारें ३५,००० पानांच्या, दुसऱ्या प्रति काढल्या. त्या निरनिराळ्या वह्यांत बांधून निरनिराळ्या कचेऱ्यांना पाठविल्या गेल्या. एकच पान दोनदां वापरलें म्हणजे काय होतें? एका तारेंतून दुसरी वजा केली कीं किल्ली दोहोंकडची उडून जाते, व उरतें तें दोन मजकुरांचें अंतर. अंतरावरून मजकूर शोधणें कठीण आहे, पण अशक्य राहत नाहीं.

१ फेब्रुवारी १९४३ रोजीं व्हर्जिनियांतील आर्लिंग्टन हॉल येथें ह्या तारांचा ढीग ज्यांच्यापुढें ठेवला गेला त्या जीन ग्रॅबील ह्या कांहीं दिवसांपूर्वींपर्यंत शाळेंत शिकवीत होत्या. त्याच वर्षीं रिचर्ड हॅलक ह्या लेफ्टनंटनें व्यापारी तारा एकमेकींशीं ताडून पाहतांना पानें दोनदां वापरलीं आहेत हें हुडकलें. १९४६ च्या डिसेंबरांत मेरेडिथ गार्डनर ह्या भाषापंडितानें एक जुनी तार उलगडली. तींत अणुबॉम्बच्या कामावरील शास्त्रज्ञांचीं नांवें होतीं. ह्या उद्योगाला पुढें व्हेनोना हें नांव पडलें. तो १९८० पर्यंत चालला, आणि १९९५ सालीं जगाला कळला. सुमारें ३,००० तारा पूर्णपणें वा अर्धवट वाचल्या गेल्या. क्लाउस फुक्स ह्या भौतिकशास्त्रज्ञाला १९५० सालीं ब्रिटनमध्यें पकडून चौदा वर्षांची शिक्षा झाली, त्याच्याकडे बोट दाखविलें तें ह्या तारांनींच. गणितांत एक अक्षराचीहि चूक नव्हती. चूक छापखान्यांत झाली.

१९६३ च्या ३० ऑगस्टला वॉशिंग्टन व मॉस्को ह्यांच्यामध्यें जो थेट टेलिप्रिंटर सुरू झाला त्यावरहि एकवेळच्याच पट्ट्या होत्या, व त्या एकमेकांच्या वकिलातींमार्फत पोंचविल्या जात. ह्यांत एक सोय अशी कीं, वैऱ्याला आपल्या गुप्तयंत्राची विद्या शिकवावी लागत नाहीं. पट्टी ही नुसती पट्टी असते.

येथपर्यंतच्या कथेंत दोन मित्र आहेत व एक चोर आहे. १९७० नंतरच्या दहा वर्षांत प्रश्नाचें रूप बदललें. आतां मित्रांचाच एकमेकांवर पुरता विश्वास नाहीं, तरी त्यांना मिळून एक हिशेब करावयाचा आहे. तीन दुकानदारांना आपल्या तिघांच्या उत्पन्नाची बेरीज हवी आहे. परंतु स्वतःचें उत्पन्न दुसऱ्याला सांगावयाचें नाहीं. झांकली मूठ झांकलेलीच राहावी आणि मुठींतल्या दाण्यांची मोजदाद मात्र व्हावी! एखाद्या चौथ्या प्रामाणिक माणसाच्या कानांत सांगावें, हा जगाचा जुना मार्ग. परंतु असा माणूस मिळाला नाहीं तर काय?

पहिलें पाऊल १९७९ सालीं पडलें. त्या वर्षीं आदी शमीर व जॉर्ज ब्लेकली ह्या दोघांनीं, एकमेकांची माहिती नसतां, एक गुपित अनेकांत वांटून ठेवण्याची रीति काढली. शमीर ह्यांनीं आपल्या लेखाच्या आरंभीं एक जुनें कोडें दिलें आहे. अकरा शास्त्रज्ञ एका गुप्त कामावर आहेत. कागदपत्रांचें कपाट कोणतेहि सहाजण हजर असतील तरच उघडावें, पांचजणांना उघडूं नये. किती कुलुपें लागतील? उत्तर: ४६२ कुलुपें, आणि प्रत्येकाच्या कमरेला २५२ किल्ल्यांचा जुडगा. शमीर ह्यांनीं ह्या जुडग्याच्या जागीं शाळेंतल्या आलेखाचा कागद आणला. एका बिंदूंतून असंख्य सरळ रेषा जातात. दोन बिंदूंतून एकच जाते. गुपित म्हणजे रेषा उभ्या अक्षाला जेथें छेदते ती उंची. वांटा म्हणजे रेषेवरचा एक बिंदु. एकट्या वांटेकऱ्याला कोणतीहि उंची सारखीच संभवनीय. दोघे एकत्र आले कीं पट्टी ठेवून उत्तर. सहाजणांची अट असेल तर सरळ रेषेऐवजीं पांचव्या घाताची वक्ररेषा घ्यावयाची, एवढेंच. ही अभेद्यताहि मिलरच्या पानासारखीच आहे: पांच वांटे हातीं असलेल्यापाशीं गुपिताचा अंशहि नसतो.

आतां तीन दुकानदारांचा हिशेब. उत्पन्नें ३२०, १५० व २७५ आहेत असें धरा. प्रत्येकानें आपल्या आंकड्याचे तीन तुकडे करावे, पहिले दोन मनास येतील ते व तिसरा असा कीं तिन्हींची बेरीज, हजार सोडून देतां, आपल्या आंकड्याइतकी भरेल. पहिल्यानें ६१२, ८४५, ८६३ केले. दुसऱ्यानें ४०७, २९१, ४५२. तिसऱ्यानें ९३८, १६०, १७७. प्रत्येकानें पहिला तुकडा पहिल्या दुकानदाराला, दुसरा दुसऱ्याला, तिसरा तिसऱ्याला गुपचूप द्यावा. आतां प्रत्येकजण आपल्याजवळच्या तीन तुकड्यांची बेरीज हजार सोडून जाहीर करतो: ९५७, २९६, ४९२. ह्या तिहींची बेरीज १,७४५. हजार सोडले कीं ७४५, आणि तीच खरी बेरीज आहे. कोणीं कोणाचें उत्पन्न पाहिलें नाहीं. दोघांनीं संगनमत केलें तर तिसऱ्याचें उघडें पडेल, परंतु तें बेरीज कळल्यावर कोणत्याहि रीतींत उघडें पडलेंच असतें. उत्तर जें सांगतें तें कोणतीहि गुप्तता झांकूं शकत नाहीं.

बेरीज सोपी आहे. गुणाकार आला कीं गणिताचें खरें तोंड दिसतें. दोन सरळ रेषांचा गुणाकार केला तर सरळ रेषा राहत नाहीं, वर्गाची वक्ररेषा होते, आणि ती ठरविण्यास दोन नव्हे, तीन बिंदु लागतात. म्हणजे फितूर होऊं शकणाऱ्यांची संख्या जेवढी धरावी तिच्या दुपटीहून एक तरी अधिक वांटेकरी पाहिजे. बेरीज व गुणाकार दोन्ही साधले म्हणजे कोणताहि हिशेब साधतो. हें १९८८ सालीं शिकागो येथील परिषदेंत दोन मंडळींनीं सांगितलें: एकींत मायकेल बेन-ऑर, शफी गोल्डवासर व आवी विग्डरसन, दुसरींत डेव्हिड चॉम, क्लोद क्रेपो व इव्हान दामगोर. निर्णय असा. वांटेकरी नियमानें वागून केवळ चोरून ऐकणारे असतील तर अर्ध्याहून अधिक प्रामाणिक असावे. खोटेहि बोलणारे असतील तर दोन-तृतीयांशांहून अधिक प्रामाणिक असावे. मग फितुरांपाशीं जगांतलीं सारीं गणनयंत्रें असलीं तरी चिंता नाहीं. पुढच्याच वर्षीं ताल राबिन व बेन-ऑर ह्यांनीं दाखविलें कीं, सर्वांना एकदम ऐकूं जाईल अशी एक जाहीर वाणी उपलब्ध असेल तर खोटें बोलणाऱ्यांविरुद्धहि अर्ध्याहून अधिक प्रामाणिक पुरतात. फक्त चुकीची एक अत्यंत लहान शक्यता पत्करावी लागते. चावडीवर सर्वांदेखत बोललेला शब्द मागाहून फिरवितां येत नाहीं, एवढाच त्या जाहीर वाणीचा उपयोग. पण तो केवढा!

आणि दोघेच असतील तर? दोघांत अर्ध्याहून अधिक म्हणजे दोघेहि. येथें गणित स्पष्ट नकार देतें, व त्या नकाराचें कारण कोणासहि समजेल असें आहे. मुलगा नि मुलगी ह्यांना एकमेकांची पसंती जाणून घ्यावयाची आहे, पण अशी कीं, दोघांचा होकार असेल तरच कळावें. जिनें नकार धरला तिला त्याच्या मनांत काय होतें तें कळूं नये, आणि त्यालाहि तसेंच. तिसरें माणूस नाहीं, चिठ्ठी टाकण्याची पेटी नाहीं, नुसतें बोलणें आहे. मुलाचें पहिलें वाक्य त्याच्या मनाप्रमाणें किंचितहि बदलत असेल तर नकारवाल्या मुलीला तें कळेल; म्हणून तें बदलतां कामा नये. मुलीचें उत्तर तिच्या मनाप्रमाणें बदलत असेल तर नकारवाल्या मुलाला कळेल. म्हणून तेंहि बदलतां कामा नये. तिसरें वाक्य, चौथें वाक्य, हीच गत. रात्रभर बोलून शेवटीं दोघांनीं एकमेकांना कांहींच सांगितलेलें नसतें. कोणत्या प्रश्नांची अशी गत होते व कोणत्यांची होत नाहीं, ह्याची नेमकी सीमा बेनी चोर व एयाल कुशिलेव्हित्स ह्यांनीं १९८९ सालीं आंखून दिली.

ह्यापूर्वींच, १९७९ सालीं, शमीर, रॉनल्ड रिव्हेस्ट व लिओनार्ड ॲडलमन ह्यांनीं टेलिफोनवर पत्ते वांटून पोकर खेळतां येईल काय, असा प्रश्न घेतला होता. त्या लेखांत त्यांनीं प्रथम हें अशक्य असल्याचें सिद्ध केलें आणि लगेच पुढें तें करून दाखविलें. ही थट्टा नव्हे. अशक्य आहे तें अमर्याद बुद्धीच्या खेळाडूंना. शक्य आहे तें ज्यांना मोठाल्या संख्यांचें गणित सोडवितां येत नाहीं अशा मर्त्यांना. १९८२ सालीं अँड्र्यू याओ ह्यांनीं दोन लक्षाधीशांची गोष्ट घातली: दोघांपैकीं श्रीमंत कोण तें ठरावें, पण कोणाचीहि संपत्ति कळूं नये. तिचा उलगडाहि ह्याच दुसऱ्या जातीचा, म्हणजे तिजोरीच्या जातीचा होता.

शिकागोच्या सिद्धान्तांतहि एक गृहीत आहे, व वाचणाऱ्याची नजर त्यावरून सहज घसरते. तुकडे 'गुपचूप' द्यावे, असें वर म्हटलें. प्रत्येक जोडीमध्यें एक खाजगी वाट आहे असें त्यांत धरलेलें आहे. सारें बोलणें उघड्या तारेवर असेल तर ६१२, ८४५ व ८६३ हे तिन्ही आंकडे ऐकणाऱ्याला बेरीज करून ३२० मिळावयाला किती वेळ लागेल? म्हणून प्रत्येक जोडीपाशीं आधीं एक वही पाहिजे. अकरा शास्त्रज्ञांच्या जोड्या ५५, वह्याहि ५५. ये रे माझ्या मागल्या! शॅनन ह्यांची कडू गोष्ट फिरून दारांत उभी राहते.

उघड्या वाटेवर, वहीवांचून, अभेद्य गुपित ठरवितां येईल काय? दोघांचें सारें बोलणें ज्यानें ऐकलें व ज्याची गणनशक्ति अमर्याद आहे त्याच्यापुढें नुसत्या बोलण्यानें तें होत नाहीं, हें शॅनन ह्यांच्या विचारांतूनच निघतें. परंतु निसर्गांत आणखी एक वस्तु आहे, आणि अभियंते तिला आजवर शिव्याच देत आले होते. ती वस्तु म्हणजे खरखर, तारेवरची, रेडिओवरची. १९७५ सालीं बेल प्रयोगशाळेंतील ॲरन वायनर ह्यांनीं दाखविलें कीं, चोराच्या कानीं पडणारा आवाज मित्राच्या कानीं पडणाऱ्या आवाजाहून अधिक अस्पष्ट असेल तर त्या फरकांतूनच अभेद्य गुपित पाठवितां येतें. १९७८ सालीं हंगेरीचे इम्रे चिसार व यानोश क्योर्नर ह्यांनीं तो विचार विस्तारला. पण चोराचे कान अधिक तीक्ष्ण असतील तर?

१९९३ सालीं झ्यूरिक येथील उएली माउरर ह्यांनीं ह्या प्रश्नाचें अनपेक्षित उत्तर दिलें. एखादा उपग्रह आकाशांतून अत्यंत क्षीण स्वरांत यदृच्छ अंक उच्चारीत आहे असें धरावें. दोघे मित्र व चोर तिघेहि तें ऐकतात, तिघांच्याहि ऐकण्यांत चुका होतात, आणि त्या चुका एकमेकांवर अवलंबून नसतात. नंतर दोघे मित्र उघडपणें, चोराच्या देखतच, अंकांच्या लहान लहान गटांविषयीं बोलतात, व ज्या गटांत दोघांचें ऐकणें जुळल्याचें दिसतें तेवढेच ठेवून बाकीचे टाकून देतात. निवड त्यांची असते. चोराला निवडीचा अधिकार नसतो. जे गट उरले ते मित्रांना नीट ऐकूं आलेले, चोराला नीट आलेलेच असतील असें नाहीं. असें चाळीत गेलें कीं आरंभीं मागें असलेले मित्र चोराच्या पुढें जातात. मग उरलेल्या अंकांचें मंथन करून एक लहानशी किल्ली काढतात. चोराचें अर्धवट ज्ञान त्या मंथनांत विरून जातें. हें मंथन चार्ल्स बेनेट, जील ब्रासार व झाँ-मार्क रोबेर ह्यांनीं १९८८ सालीं मांडलेलें होतें. अट एकच, व ती लहान नाहीं: मित्रांचें उघडें बोलणें चोरानें ऐकावें, पण बदलूं नये.

बेनेट व ब्रासार हीं नांवें हिंदुस्थानाशींहि जोडलेलीं आहेत. पदार्थविज्ञानाच्या नियमांनीं किल्ली पोंचविण्याची, प्रकाशकणांची जी रीति आज जगभर त्यांच्या नांवें ओळखली जाते, ती त्यांनीं १९८४ च्या डिसेंबरांत बंगलोर येथील एका आंतरराष्ट्रीय परिषदेंत मांडली. प्रकाशाचा एकेक कण चोरानें मध्यें पाहिला तर त्याची स्थिति बिघडते व मित्रांना चाहूल लागते. १९८९ सालीं हा प्रयोग प्रथम टेबलावर झाला तेव्हां दोन टोंकांतील अंतर सुमारें ३० सेंटिमीटर होतें! परंतु येथेंहि मित्राची ओळख पटविण्यासाठीं दोघांपाशीं आधींचें एक लहानसें गुपित असावेंच लागतें. बियाण्यावांचून पीक नाहीं. मात्र मूठभर बियाण्यावर पुढें कोठार भरतें.

ह्या साऱ्या विचाराला शेतकऱ्याच्या दारीं जावयाला २००८ साल उजाडलें. डेन्मार्कमध्यें बीटपासून साखर करणारी कंपनी एकच, डॅनिस्को. शेतकऱ्यांपाशीं ठराविक बीट कंपनीला घालण्याचे करार असत. युरोपीय संघानें साखरेचा आधार कमी केल्यावर हे करार एकाकडून दुसऱ्याकडे जावयास हवे होते. त्यासाठीं लिलाव पाहिजे. परंतु कोणत्या भावाला किती करार घेईन वा देईन, हें शेतकऱ्यानें लिहून दिलें कीं त्याच्या शेताची सारी कस उघडी पडते. कंपनीला तें कळलें तर पुढच्या वर्षीं दराच्या वाटाघाटींत ती त्याचा उपयोग करणार. शेतकऱ्यांच्या संघाला सांगावें तर कांहीं शेतकरी संघाचेच देणेकरी. बाहेरची सल्लागार पेढी नेमावी तर तिचा खर्च.

तेव्हां दामगोर ह्यांच्यासारख्या संशोधकांच्या मंडळीनें तीन संगणक मांडले: एक कंपनीचा, एक संघाचा, एक संशोधकांचा. सुमारें बाराशें शेतकऱ्यांनीं भरलेले आंकडे तीन वांट्यांत विभागून तीन संगणकांना मिळाले; एकट्या संगणकापाशीं निव्वळ खरखर. १९७९ च्या वक्ररेषा व १९८८ चे गुणाकार वापरून तिघांनीं मिळून जानेवारी २००८ मध्यें ज्या भावाला देणें नि घेणें जुळतें तो भाव काढला. हिशेबाला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला, व सुमारें २५,००० टनांचे करार एका हातांतून दुसऱ्या हातांत गेले. कोणीं कोणता भाव लिहिला होता तें कंपनीला कळलें नाहीं व संघालाहि कळलें नाहीं.

एक तपशील मात्र सांगितलाच पाहिजे, कारण त्या संशोधकांनीं स्वतःच तो लपविला नाहीं. शेतकऱ्याच्या घरापासून त्या तीन संगणकांपर्यंत जाणारी वाट सर्वसाधारण, उघडी होती. बाराशें घरीं एकवेळच्या वह्या पोंचविणें शक्य नव्हतें. म्हणून प्रत्येक वांटा संगणकाच्या जाहीर किल्लीनें, म्हणजे मोठ्या संख्यांच्या गणिताच्या साध्या तिजोरींत, बंद करून पाठविला गेला.